सुभेदारापुढची पायरी

गेल्या खेपेस मायदेशी गेले असता चार दिवस अलिबागला मुक्काम होता. इस्राएल आळीतील ओळखीची घरे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. मागेन आबोथ सिनेगॉगमध्ये जाऊन आले आणि बाहेर पडते तोच जुन्या शेजाऱ्यांचा मुलगा भेटला. मुलगा म्हणायचे ते सवयीने, एरवी त्याच्याही डोक्याचे केस पिकले आहेत. तो भारतीय पायदळातून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाला, आणि आता कतार देशातील हमद पोर्ट या बंदरात पहारेकऱ्यांच्या एका तुकडीचा प्रमुख आहे. रजेवर घरी आला होता. त्याच्या आईने चहाला बोलावले. गोष्टींत संध्याकाळ कशी गेली ते कळले नाही.

तो म्हणाला, "मावशी, आमच्या न्हावा-शेवाहून निघालेले कंटेनर तिथे उतरताना पाहिले की बरे वाटते. वाटते, आपल्याच जिल्ह्यातून कोणी पाहुणा आला." हे हमद पोर्ट दोहा शहराच्या दक्षिणेस आहे. वाळवंट खोदून त्याचा धक्का तयार केला आहे. आतील पाण्याची लांबी ४ किलोमीटर, रुंदी ७०० मीटर आणि खोली १७ मीटर. जून २०१७ मध्ये कतारच्या शेजारी राष्ट्रांनी त्याची नाकेबंदी केली. खुष्कीचा एकुलता एक रस्ता बंद झाला, तेव्हा हेच बंदर त्या देशाचे तोंड झाले. त्याच वर्षी मुंद्रा आणि न्हावा-शेवा येथून तिकडे थेट जहाजे सुरू झाली, आणि ५ सप्टेंबर २०१७ रोजी बंदराचे रीतसर उद्घाटन झाले. नाकेबंदी पुढे जानेवारी २०२१ मध्ये उठली.

ज्या योजनेतून हे बंदर उभे राहिले, तिच्यातच कतारच्या आरमारासाठी नवा तळ बांधण्याचे कामही होते. २०१६ साली कतारने इटलीतील एका कारखान्याकडे सात युद्धनौका बांधावयास दिल्या, आणि त्यांतील पहिली 'अल झुबारा' २०२१ मध्ये हाती आली. त्यावर आमचा हा नायब सुभेदार जे बोलला ते माझ्या मनात घर करून बसले. तो म्हणाला, "पैसे असले की जहाज पाच वर्षांत मिळते, मावशी. पण जहाजावरचा पिकलेला पेटी ऑफिसर पाच वर्षांत मिळत नाही. त्याला पंधरा-वीस वर्षे लागतात, आणि तो बाजारात विकत मिळत नाही."

मग त्याने मला विचारले, "तुमच्या लोकांत म्हणे एके काळी पुष्कळ सुभेदार होते. मग पुढे काय झाले?" मी काहीबाही उत्तर दिले. परंतु ते उत्तर माझे मलाच अपुरे वाटले. परत आल्यावर जुनी पुस्तके काढून वाचली, आणि जे समजले ते वाचकबंधुभगिनींपुढे ठेवीत आहे. मी इतिहासकार नाही. आयुष्य वॉर्डात गेले. तेव्हा परिचारिकेच्या नजरेने जे दिसले तेच सांगेन.

प्रथम हुद्द्यांविषयी दोन शब्द, कारण नव्या पिढीला ही नावे आडनावांसारखी वाटतात. साधा शिपाई, त्यावर नाईक, त्यावर हवालदार. इथपर्यंत बिनसनदी हुद्दे. त्यावर जमादार, सुभेदार आणि सर्व पलटणीत एकच असा सुभेदार मेजर. हे सनदी खरे, पण इंग्रजी अमलात त्यांना 'नेटिव्ह ऑफिसर' म्हणत आणि पुढे 'व्हाइसरॉयचे कमिशन' मिळालेले अधिकारी म्हणू लागले. त्यांच्यावर राजाचे कमिशन घेतलेले गोरे अधिकारी असत. स्वातंत्र्यानंतर या मधल्या वर्गाला कनिष्ठ सनदी अधिकारी असे नाव मिळाले आणि १९६५ साली जमादाराचा नायब सुभेदार झाला. इतर देशांत ज्यांना वॉरंट ऑफिसर म्हणतात, त्यांच्याशी या वर्गाचे नाते जवळचे आहे.

आपल्या समाजाचा आणि या हुद्द्यांचा संबंध अठराव्या शतकापासूनचा. कोकणातील तेलाचे घाणे आणि शेती सोडून आपले पूर्वज मुंबईस आले. कंपनी सरकारच्या पलटणींत त्यांची भरती होऊ लागली. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल एझिकेल दिवेकर, यांची हकीकत आपण लहानपणी ऐकतच आलो. म्हैसूरच्या दुसऱ्या लढाईत, म्हणजे १७८० ते १७८४ या काळात, ते टिपूच्या कैदेत सापडले. टिपूच्या आईने रदबदली केल्याने प्राण वाचले असे परंपरा सांगते. सुटका झाल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत आपले पहिले सिनेगॉग, शाआर हाराहामीम, बांधले. हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. पण या कथेत आपण कैद आणि नवस एवढेच लक्षात ठेवतो. दिवेकर हे शिपायांतून वर चढत नेटिव्ह कमांडंटच्या हुद्द्यापर्यंत पोचलेले गृहस्थ होते, ही गोष्ट मागे पडते. ज्या माणसाने सिनेगॉग उभारले, त्याने आधी माणसे सांभाळली होती, पगार वाटले होते, शिस्त लावली होती. समाजाचे पहिले पुढारी आपल्याला पलटणीने तयार करून दिले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती नव्हे.

संख्येच्या मानाने आपले जमादार-सुभेदार इतके अधिक कसे झाले? समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांचा ग्रंथ लिहून झाला १८९७ साली आणि छापला गेला १९३७ साली. त्यांनी अशा अधिकाऱ्यांचा अभिमानाने उल्लेख केला आहे. अनेकांना 'सरदार बहादूर' आणि 'बहादूर' हे किताब मिळाले. हे किताब १८३७ साली सुरू झालेल्या 'ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया' या सन्मानाचे होते आणि ते फक्त देशी अधिकाऱ्यांसाठी होते. यात आपल्या लोकांच्या शौर्याचा वाटा होताच. परंतु मला वाटते, दोन कारणे अधिक महत्त्वाची होती.

पहिले कारण बढतीच्या पद्धतीचे. बंगालच्या लष्करात बढती नोकरीच्या वर्षांवर मिळे. जो आधी लागला तो आधी चढला. त्यामुळे सुभेदार होईपर्यंत माणूस म्हातारा होऊन जाई, आणि ज्याच्या अंगी कर्तृत्व आहे तो तरुण हवालदार रांगेत उभाच राही. मुंबईच्या लष्करात मात्र कमांडिंग ऑफिसर लायकी पाहून माणूस निवडीत असे. सिंधमधील जनरल जॉन जेकब यांनी बंगालच्या पद्धतीवर १८५७ च्या आधीच कडक टीका केली होती. शिवाय मुंबईच्या पलटणींत जातवार कंपन्या नव्हत्या. मराठा, महार, परदेशी, मुसलमान, बेने इस्राएल एकाच रांगेत उभे राहत. मोजक्या संख्येच्या समाजाला यापेक्षा मोठी सोय ती कोणती? आपण किती आहोत हे कोणी मोजत नव्हते. हा माणूस कसा आहे एवढेच पाहिले जाई.

दुसरे कारण शिक्षणाचे. हवालदाराला हजेरीपट लिहावा लागतो, दफ्तर ठेवावे लागते, हुकूम वाचावा लागतो. मिशनऱ्यांच्या शाळांतून आणि पलटणींच्या शाळांतून आपली मुले मराठी आणि पुढे इंग्रजी शिकली. पलटणीतील शाळांचे महत्त्व किती होते ते पाहावयाचे तर सुभेदार रामजी सकपाळ यांचे उदाहरण घ्यावे. त्यांनी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षकाचे शिक्षण घेतले आणि चौदा वर्षे लष्करी शाळेत मुख्याध्यापकी केली. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत त्यांच्या घरी जन्मलेले मूल म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कंपनीच्या फौजेत शिपायांच्या मुलामुलींना सक्तीने शिकवीत, हे पुढे बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. शिपायाला सुभेदार करण्यासाठी म्हणून जी शाळा काढली, तिने किती दूरवर उजेड पाडला पाहा.

आमच्या नायब सुभेदाराला ज्या समुद्राकाठी आज नोकरी लागली आहे, तिथेही ही माणसे गेली होती. इराणी आखातातील इंग्रजांचा कारभार १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली चालत असे. १८५६ च्या डिसेंबरात मुंबईच्या फौजेने समोरच्या इराणी किनाऱ्यावरील बुशायर घेतले, आणि ८ फेब्रुवारी १८५७ रोजी खुशाबची लढाई झाली. मुंबईच्या ज्या पायदळ पलटणी तिथे लढल्या, त्यांत आपल्या समाजातील शिपाई आणि अधिकारीही होते. खुद्द कतारच्या किनाऱ्यावर १८६८ साली कर्नल पेली यांनी शेख महंमद बिन थानी यांच्याशी करार केला, तोही मुंबईच्या वतीनेच. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या ऑक्टोबरात, पुणे डिव्हिजनची एक ब्रिगेड बहरीनजवळ जहाजांतच वाट पाहत थांबली होती. तीत ११७ वी मराठा पलटण होती. नंतर ती फाओला उतरली. म्हणजे मुंबई-पुण्याच्या सुभेदाराला हे पाणी परके नव्हते. अगदी १९५९ पर्यंत कतारच्या बाजारात हिंदुस्थानचा रुपया चाले, आणि त्यानंतर १९६६ पर्यंत खास आखातासाठी छापलेला रुपया.

आता मुख्य मुद्दा. सुभेदाराला सुभेदार होईपर्यंत लष्कराने उत्तम तयार केले. पण पुढे काय? पुढे भिंत होती. तीस वर्षे नोकरी केलेला, छातीवर पदके लावलेला सुभेदार मेजर काल बोटीतून उतरलेल्या विशीच्या गोऱ्या पोराला सलाम करी. त्या पोराला कंपनी कशी चालवावी हे शिकवणाराही तोच. १८५७ नंतर पलटणीतील गोऱ्या अधिकाऱ्यांची संख्या कमी केली, तेव्हा काही वर्षे कंपन्यांची रोजची जबाबदारी देशी अधिकाऱ्यांकडे आली. १९०० च्या सुमारास दोन-दोन कंपन्यांवर एक गोरा अधिकारी बसवण्याची पद्धत आली आणि तेवढेही गेले.

इंग्रजांच्या स्वतःच्या लष्करातही ही पायरी सोपी नव्हती, पण होती. विल्यम रॉबर्टसन १८७७ मध्ये साधा घोडेस्वार म्हणून भरती झाला. वडील खेड्यातले शिंपी आणि टपालमास्तर. मुलगा शिपाई झाला म्हणून आईला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तो सार्जंट मेजर झाला, १८८८ मध्ये त्याला कमिशन मिळाले आणि तो हिंदुस्थानात आला. घरचा पैसा नाही. म्हणून त्याचे साधे कपडे वडील शिवून पाठवीत. इथे त्याने एकामागून एक देशी भाषांच्या परीक्षा दिल्या. १८९७ मध्ये तो कँबर्लीच्या स्टाफ कॉलेजात गेला. शिपायांतून वर आलेला तिथे शिरणारा तो पहिलाच. पहिल्या महायुद्धात तो इंग्रजी लष्कराचा मुख्य झाला आणि १९२० मध्ये फील्ड मार्शल. हे एक माणूस करू शकला, कारण त्याच्या हुशारीला वेळेवर दार उघडले. त्याच हिंदुस्थानात, त्याच वर्षांत, तितकेच हुशार जमादार-सुभेदार होते. त्यांना दारच नव्हते.

आपल्या बाबतीत तर होते ते दारही लागले. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती होते. अमक्या जाती लढवय्या आणि तमक्या नव्हेत, हे मत त्या वेळी बळावले. पलटणी आणि कंपन्या जातवार होऊ लागल्या. १८९५ साली मुंबईचे स्वतंत्र लष्करच मोडले. जातवार कंपनीत बढती आपल्याच जातीतल्या जागेवर मिळते. ज्या समाजाची एक कंपनीसुद्धा भरत नाही, त्यातल्या हवालदाराने जमादार कोठे व्हावे? कोणी हुकूम काढून आपल्याला घालवले असे नाही. फक्त वर जाण्याची जागा उरली नाही, आणि माणसांनी मुलांना भरती करणे हळूहळू थांबवले. महार समाजाची भरती तर सरळ बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर हे पेन्शनर. त्यांनी १८९४ च्या सुमारास सरकारकडे अर्ज केला, परंतु उपयोग झाला नाही. महार रेजिमेंट उभी राहण्यास १९४१ साल उजाडले, तीही बेळगावास.

तयार झालेली माणसे मात्र वाया गेली नाहीत. ती दुसरीकडे वळली. आपल्यातील पुष्कळ जण रेल्वेत, कचेरीत, शाळेत गेले. पुष्कळ जण लष्कराच्याच इस्पितळी खात्यात हॉस्पिटल असिस्टंट झाले. पुढे याच लोकांना सब-असिस्टंट सर्जन म्हणू लागले आणि त्यांना जमादार-सुभेदारांचेच हुद्दे असत. तिथेही तीच कथा. रोग ओळखणारा, हात चालवणारा हा, आणि वर बसणारा दुसरा. त्यांच्या लेकी-नाती परिचारिका झाल्या. आपल्या समाजात परिचारिका इतक्या कशा, असे लोक विचारतात. मला वाटते, पलटणीतून इस्पितळात आणि इस्पितळातून वॉर्डात, अशी ही वाट आहे.

शिपायाला वरच्या कमिशनसाठी तयार करायचे, हा विचार हिंदुस्थानात फार उशिरा आला. १९१७-१८ साली सँडहर्स्टमध्ये हिंदी तरुणांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या, पण त्या बहुतेक बड्या घरच्या मुलांना मिळाल्या. १९२५ साली स्कीन कमिटी नेमली गेली आणि देशातच लष्करी विद्यालय काढण्याचा विचार पक्का झाला. १९२९ साली बुंदेलखंडातील नौगाव येथे किचनर कॉलेज निघाले. (हे नौगाव वेगळे. आपल्या अलिबागजवळच्या नवगावाशी घोटाळा करू नये.) पलटणीतून निवडलेल्या जवानांना आणि देशी अधिकाऱ्यांच्या मुलांना इंग्रजी, गणित, इतिहास, नकाशा शिकवून पुढच्या परीक्षेसाठी तयार करणे हे त्याचे काम. १९३२ साली डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकादमी उघडली. पहिल्या तुकडीत ४० विद्यार्थी होते. १५ खुल्या परीक्षेतून, १० संस्थानी फौजांतून आणि १५ सैन्याच्या रांगेतून.

या पहिल्या तुकडीतून तीन देशांना सेनापती मिळाले. सॅम माणेकशॉ भारताचे. स्मिथ डन ब्रह्मदेशाचे. महंमद मुसा पाकिस्तानचे. यांपैकी डन आणि मुसा हे दोघे साधे शिपाई म्हणून भरती झालेले होते. मुसा १९२६ मध्ये रांगेत उभे राहिले आणि १९५८ मध्ये सरसेनापती झाले. जी माणसे शंभर वर्षे सुभेदारीच्या वर चढू शकत नाहीत असे धरले होते, त्यांना दोन-चार वर्षांचे पद्धतशीर शिक्षण आणि एक उघडे दार मिळताच काय झाले, याचा यापेक्षा मोठा पुरावा कशाला हवा?

स्वातंत्र्यानंतर नौगावचे हे काम १९६० पासून आर्मी कॅडेट कॉलेज या नावाने चालू झाले. १९६४ मध्ये ते पुण्यास आले आणि १९७७ मध्ये डेहराडूनला जाऊन अकादमीचाच भाग झाले. म्हणजे तेरा वर्षे शिपायाचा अधिकारी करण्याचे काम आपल्या पुण्यात चालत होते. आजही ही वाट चालू आहे. बारावी झालेला, दोन वर्षे नोकरी झालेला, वीस ते सत्तावीस वयाचा जवान परीक्षा आणि निवड मंडळ पार करून तीन वर्षे पदवीचे शिक्षण घेतो. मग एक वर्ष अकादमीत काढून लेफ्टनंट होतो. ज्यांचे हे वय टळले त्यांच्यासाठी दुसऱ्या योजनेतून पस्तिशीपर्यंत कमिशन मिळू शकते. याखेरीज हवालदार आणि नायब सुभेदार यांना आपापल्या जागी अधिक लायक करण्यासाठी बेळगाव, बरेली आदी ठिकाणी शिक्षणक्रम आहेत. अमेरिकेत तर सार्जंट मेजर लोकांसाठी १९७२ साली स्वतंत्र अकादमीच निघाली. तिथे विचार असा की, त्याला लेफ्टनंट करून त्याच्या वर्गातून काढायचे नाही, तर सार्जंट मेजर म्हणूनच जनरलच्या शेजारी बसून सल्ला देण्याइतका तयार करायचा. येथील लष्करात तिसरी तऱ्हा. येथे प्रत्येक अधिकारी आधी साधा शिपाई असतो. त्यातून तुकडीनायक, आणि त्यातून निवडलेले अधिकाऱ्यांच्या शाळेत जातात.

आपल्या समाजाच्या दृष्टीने सांगायचे तर दार उघडल्यावर आपली माणसेही आत गेली. रिअर ॲडमिरल बेंजामिन अब्राहम सॅमसन हे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रमुख होते, आणि १९६४ ते १९६६ या काळात भारतीय आरमाराच्या ताफ्याचे सेनापती होते. पुढे ते व्हाइस ॲडमिरल झाले. दिवेकरांना जे मिळणे शक्य नव्हते ते पावणेदोनशे वर्षांनी मिळाले.

असो. पण मग आमचा नायब सुभेदार सुभेदारही न होता, लेफ्टनंट तर दूरच, कतारच्या बंदरात कसा? मी त्याला हे विचारले. तो हसला. म्हणाला, "मावशी, परीक्षेला बसायचे ठरवले होते. फॉर्म भरायचा तर साहेब म्हणाले, तू गेलास तर प्लॅटून कोण बघणार? काश्मीरहून परत आलो की बघू. परत आलो तेव्हा वय निघून गेले होते. साहेब वाईट नव्हते हो. माझ्यावर फार विश्वास होता त्यांचा."

हे ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. कारण हेच वाक्य मी माझ्या आयुष्यात ऐकले आहे. ज्या इस्पितळात मी काम केले, तिथे मी एका वॉर्डची इन-चार्ज होते. वरच्या जागेसाठी शिक्षणक्रम निघाला की माझे नाव आधी यादीत असे आणि मग निघून जाई. तीन वेळा असे झाले. प्रत्येक वेळी कारण एकच, 'तुझ्याशिवाय वॉर्ड चालणार नाही.' पहिल्या वेळी मला त्याचा अभिमान वाटला. घरी येऊन मी ते यजमानांना आनंदाने सांगितले. दुसऱ्या वेळी मी गप्प बसले. तिसऱ्या वेळी माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी माझ्यावर साहेब होऊन आली, आणि तिला वॉर्डचे काम समजावून देण्यास मलाच सांगण्यात आले. ती चांगली मुलगी होती. तिचा दोष काहीच नव्हता.

तेव्हा इतिहास वाचताना मला जे उमगले ते असे. जुन्या काळी भिंत कायद्याची होती, रंगाची आणि जातीची होती. ती दिसत होती, म्हणून तिच्याविरुद्ध अर्ज करता आले, कमिट्या बसल्या, शेवटी ती पडली. आताची अडचण गोड शब्दांची आहे. जो उत्तम काम करतो त्याला त्या कामावरून सोडवत नाही. आळशी माणसाला शिकण्यास पाठवणे सोपे असते, कारण त्याच्यावाचून अडत नाही. चांगल्या हवालदाराला पाठवायचे म्हणजे साहेबाने सहा महिने किंवा तीन वर्षे स्वतः ओढाताण सोसायची. वरच्याने हे सोसल्याशिवाय खालचा माणूस वर जात नाही. मुंबईच्या पलटणींत लायकी पाहून बढती देणारे कमांडिंग ऑफिसर होते, म्हणून आपले सुभेदार झाले. शाळेत पाठवणारे होते, म्हणून रामजी सकपाळ झाले. रॉबर्टसनलाही कमिशनसाठी पुढे करणारे वरिष्ठ होते. एकट्याच्या हुशारीवर यातले काहीच झाले नसते.

आणि दुसरी गोष्ट वयाची. पन्नाशीत मिळालेली सनद म्हणजे मान असतो, काम नव्हे. शिकवायचे ते पंचविशीत शिकवले पाहिजे. कतारसारख्या लहान देशाला हा हिशेब आता करावा लागत आहे. तिथे २०१४ साली तरुणांना लष्करी सेवा सक्तीची झाली आणि २०१८ साली ती एक वर्षापर्यंत वाढवली. पण वर्षभराच्या शिपायाचा पंधरा वर्षांनी पेटी ऑफिसर कसा होईल, हे कोणत्याही कारखान्याकडे सोपवता येत नाही. त्यासाठी त्यांच्याच माणसांनी त्यांच्याच माणसांना शिकवावे लागेल, आणि शिकल्यावर वाढू द्यावे लागेल.

शेवटी वाचकांना दोन विनंत्या. ज्यांच्या घरी जुन्या पेटीत आजोबा-पणजोबांचे नोकरीचे दाखले, पेन्शनची कागदपत्रे, पदके किंवा गणवेशातले फोटो असतील, त्यांनी ती टाकून देऊ नयेत. मागे नाव, गाव, पलटण आणि साल लिहून ठेवावे. हे लिहायला घेतले तेव्हा माझ्या लक्षात आले की सरदार बहादुरांच्या गोष्टी आपण सांगतो, पण साधे नाईक आणि हवालदार कोण होते हे आपल्या घरोघरीच विसरले गेले आहे.

दुसरी विनंती त्यांना, जे आज कोणाचे तरी साहेब आहेत. कचेरीत, इस्पितळात, कारखान्यात, लष्करात. तुमच्या हाताखाली एखादा असा असेल की ज्याच्यावाचून तुमचे पान हलत नाही. त्याचे नाव यंदाच्या यादीत घाला, आणि ते काढू नका.

अलिबागहून निघण्याच्या दिवशी आमचा नायब सुभेदार एस. टी. स्टँडवर पोचवायला आला होता. त्याने सांगितले की बंदरातील त्याच्या तुकडीत नेपाळचा एक मुलगा आहे, फार चलाख. त्याला सुपरवायझरच्या परीक्षेसाठी इंग्रजी शिकायचे आहे. म्हणून रात्रपाळीच्या याद्या त्याच्या वर्गाच्या वेळा पाहून लावायच्या असे यानेच ठरवले आहे. मी विचारले, "मग त्याच्या जागी रात्री कोण उभा राहतो?"

तो म्हणाला, "मी राहतो, मावशी."